धान घरी आले, आता पटाचे वेध!
मध्यवर्ती संघटना नाही, गुणतक्ता नाही; तरीही शिस्तीत चालणाऱ्या झाडीपट्टीच्या शंकरपटाची घडण

साकोली : प्रतिनिधी

धानाची कापणी-मळणी आटोपली, की भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील गावांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि बसथांब्यांच्या भिंतींवर रंगीत पत्रके झळकू लागतात. ‘भव्य इनामी शंकरपट’ अशी ठळक अक्षरांतील ओळ, खाली गावाचे नाव, दोन किंवा तीन दिवसांच्या तारखा, बक्षिसांची उतरती यादी आणि प्रत्येक बक्षिसापुढे ते देणाऱ्या दात्याचे नाव. पत्रकाच्या तळाशी अनेकदा रात्री होणाऱ्या नाटकाची जाहिरातही असते. नागपूर-रायपूर महामार्गावरून लाखनी, साकोली ओलांडणाऱ्या शहरी प्रवाशाला हा जत्रेचाच एक प्रकार वाटतो. बैल धावतात, लोक ओरडतात, धुरळा उडतो आणि संध्याकाळी सारे घरी जातात, एवढीच त्याची समजूत असते.

प्रत्यक्षात शंकरपट ही हिवाळ्यातील काही आठवडे चालणारी एक सलग स्पर्धामालिका आहे. तिला मध्यवर्ती संघटना नाही, कार्यालय नाही, गुणतक्ता नाही. मात्र एका गावच्या पटात उतरलेली जोडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी दिसते. तिचा मालक, तिचा धुरकरी आणि तिची कीर्ती या गावातून त्या गावात फिरत असते. वेळापत्रक, प्रवेश, फेऱ्या, पंच, तक्रारी, बक्षिसे असे कोणत्याही क्रीडा-हंगामाला लागणारे सारे घटक येथे आहेत. फरक इतकाच, की हे सारे गावाच्या समित्यांनी परस्परांच्या विश्वासावर उभे केले आहे.

हा विश्वास पुरेसा नाही, असे न्यायालयाने एकदा ठरवले होते. मे २०१४ ते डिसेंबर २०२१ या काळात राज्यात कायदेशीर पट भरूच शकला नाही. पटाला आज परवानगी आहे, पण ती अटींसह आहे. त्यामुळे हंगाम कसा चालतो हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. तो नीट चालतो की नाही, यावर तो पुढेही चालणार की नाही हे अवलंबून आहे.

धानावर ठरणारे वेळापत्रक

शंकर म्हणजे महादेव, त्याचे वाहन नंदी. म्हणून बैलांच्या शर्यतीला शंकरपट, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. विदर्भाबाहेर हाच खेळ बैलगाडा शर्यत किंवा छकड्यांची शर्यत म्हणून ओळखला जातो. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून होणाऱ्या प्रदेशात, त्याला नुसते ‘पट’ म्हटले तरी पुरते.

या पटाचा हंगाम पंचांगापेक्षा शेतीवर अधिक बेतलेला आहे. हा तलावांचा आणि भाताचा मुलूख. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला येते. त्यापुढे मळणी आणि धान घरी किंवा खरेदी केंद्रावर पोहोचवणे, यात आणखी काही आठवडे जातात. ते झाले, की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. बांध्या रिकाम्या होतात, बैलांची कामे संपतात आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. धावपट्टीसाठी मोकळी जमीन, धावण्यासाठी विसावलेले बैल आणि बक्षीस-वर्गणीसाठी पैसा या तिन्ही गरजा एकदम भागण्याचा हाच काळ.

दिवाळी-भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हणजे खरेदी-विक्री, दंडार, खडी गंमत आणि पाहुण्यांचा राबता. मंडयांचा भर ओसरत असताना पटांचा भर वाढतो आणि संक्रांतीच्या आगेमागे तो शिगेला पोहोचतो. होळी जवळ आली, ऊन तापू लागले, की बैलांना पळवणे योग्य नव्हे म्हणून हंगाम आवरता घेतला जातो.

साकोली तालुक्यातील सानगडी, शेजारचे लाखनी अशी काही गावे पटासाठी पूर्वीपासून ओळखली जातात. नावाजलेल्या पटांचे दिवस परंपरेने ठरलेले असतात आणि लहान गावे आपल्या तारखा त्यांच्या अवतीभवती बसवतात. एकाच दिवशी शेजारच्या दोन गावांत पट ठेवला, तर जोड्या विभागतात, प्रेक्षक विभागतात आणि दोन्ही समित्या तोट्यात जातात. त्यामुळे तारखांची देवाणघेवाण हंगाम सुरू होण्यापूर्वीच होते. कुठेही लिहून न ठेवलेले हे वेळापत्रक बहुतेक वेळा पाळले जाते. कारण ते मोडणाऱ्या गावाला पुढच्या वर्षी शेजारची जोडी मिळत नाही.

समिती आणि तिचा ताळेबंद

पट भरवते ती गावाची समिती. शेतकरी, दुकानदार, गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचे आजी-माजी सदस्य अशी मंडळी तीत असतात. तिचे पहिले काम जागेचे. धावपट्टी सरळ, सपाट आणि दगड-खड्ड्यांविना हवी. तिच्या शेवटी बैलांना वेग कमी करण्यास पुरेशी मोकळी जागा हवी. ही दुसरी अट नवख्यांच्या लक्षात येत नाही. भरधाव जोडी रेषा ओलांडताच थांबत नाही. पुढे जागा नसेल, तर ती गर्दीत घुसते. पटांतील अपघातांचे मोठे कारण हेच असते. शेत खासगी असेल, तर मालकाची संमती घ्यावी लागते. माती समतल करणे, ढेकळे फोडणे, पाणी मारणे ही कामे गावकरी मिळून करतात.

दुसरे काम पैशाचे. बक्षिसांचा मोठा भाग दात्यांकडून येतो. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ, कुणी दुकानाच्या जाहिरातीसाठी, तर कुणी निवडणुकीवर नजर ठेवून रक्कम देतो. जोड्यांचे प्रवेश शुल्क, खेळण्यांच्या आणि खाऊच्या दुकानांचे भाडे आणि रात्रीच्या नाटकाची तिकिटे हे उत्पन्नाचे अन्य मार्ग. खर्चाच्या बाजूला मंडप, ध्वनिक्षेपक, कठडे, पाणी, पत्रके, पशुवैद्यकीय व्यवस्था आणि अर्थातच बक्षिसे. पश्चिम महाराष्ट्रातील काही मैदानांवर चारचाकी गाडी बक्षीस म्हणून देण्यापर्यंत मजल गेली आहे. झाडीतील पटांचे अर्थकारण त्यामानाने लहान आहे. येथे पहिल्या बक्षिसाच्या रकमेइतकेच महत्त्व ‘अमक्या गावचा पट मारला’ या लौकिकाला असते.

या लौकिकाला बाजारातही किंमत आहे. लागोपाठ दोन-तीन पट जिंकलेल्या बैलाची बोली लाखांत जाते. गुणतक्ता नसलेल्या या हंगामात जोडीचा क्रमांक असा ठरतो. तिच्याविरुद्ध धावायला कोण कचरतो आणि तिला विकत घ्यायला कोण पुढे येतो, यावरून तो ओळखायचा.

जोडी, धुरकरी आणि छकडा

पटाचे बैल शेतीच्या बैलांपेक्षा वेगळे वाढवले जातात. अंगाने भारदस्त बैल नांगराला चांगला, पण पटाला हवा चपळ, हलक्या हाडाचा, लांब टांगांचा आणि आवाजाला न बुजणारा. त्याच्या खुराकात ढेप, उडीद, कणिक, दूध अशा गोष्टी असतात. पोहणे, ठराविक अंतर पळवणे, मालीश यांनी त्याची तयारी होते. एका घरात दोन्ही बैल तोडीस तोड असतीलच असे नाही. त्यामुळे दोन मालकांनी एकेक बैल देऊन जोडी लावणे, ही या हंगामातील नित्याची गोष्ट आहे. वेगाचा मेळ बसला नाही, तर दोन उत्तम बैलांची जोडीही वाकडी धावते आणि हरते.

जोडी हाकणारा तो धुरकरी. धावण्यासाठीचा छकडा अतिशय हलका असतो. दोन चाके, एक दांडी आणि धुरकऱ्याला अंग टेकण्यापुरती जागा. त्यावर तोल सांभाळत दोन्ही बैलांना एका रेषेत ठेवणे हे कसबाचे आणि जोखमीचे काम आहे. नामवंत धुरकऱ्यांना वेगवेगळ्या गावांतील मालक बोलावून घेतात. हाकण्याचा मान फार काळ पुरुषांकडेच राहिला. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील प्रसिद्ध पटात मात्र महिलाही जोड्या हाकतात आणि त्यांच्या फेऱ्यांना मोठी गर्दी होते.

फेऱ्यांचे गणित

पटाच्या दिवशी सकाळी नोंदणी होते. मालकाचे नाव, गाव, बैलांची नावे आणि धुरकऱ्याचे नाव लिहून घेतले जाते. त्यानंतरचा प्रश्न असा, की कोणाची गाठ कोणाशी?

झाडीतील पटाचे पारंपरिक रूप जोडीविरुद्ध जोडी असे आहे. दोन समांतर धावपट्ट्यांवर दोन जोड्या एकाच वेळी सुटतात आणि जी आधी रेषा गाठेल ती पुढच्या फेरीत जाते. प्रेक्षकाला याहून सोपे आणि थरारक दुसरे काही नाही. आयोजकाला मात्र हीच पद्धत जड जाते. समजा, ६४ जोड्या आल्या. बाद पद्धतीने विजेता ठरवायचा, तर प्रत्येक लढतीत एक जोडी बाद होणार. म्हणजे एकूण ६३ लढती घ्याव्या लागणार. एका लढतीला जोड्या आणणे, जुंपणे, रांगेत लावणे, सोडणे आणि धावपट्टी मोकळी करणे मिळून १० मिनिटे धरली, तरी साडेदहा तास झाले. हिवाळ्यातील दिवस तेवढा मोठा नसतो.

दुसरी अडचण बैलांची. ६४ जोड्यांतून विजेत्या ठरणाऱ्या जोडीला सहा फेऱ्या धावाव्या लागतात. सध्याच्या नियमांप्रमाणे एका बैलाला एका दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा धावता येत नाही. म्हणजे एवढ्या जोड्यांचा पट एका दिवसात नियमानुसार पूर्ण होऊच शकत नाही. त्याला किमान दोन दिवस हवेत. ‘पट दोन-तीन दिवस का चालतो?’ या शहरी प्रश्नाचे हे एक साधे उत्तर.

तिसरी अडचण नशिबाची. चिठ्ठ्या टाकून लढती ठरवल्या आणि सर्वांत वेगवान दोन जोड्यांची गाठ पहिल्याच फेरीत पडली, तर दुसऱ्या क्रमांकाची जोडी रिकाम्या हाताने परतते. दोन पट्ट्यांपैकी एकीची माती भुसभुशीत निघाली, तरी तक्रार होते. यावर उपाय म्हणून घड्याळाची पद्धत आहे. प्रत्येक जोडीला ठराविक अंतर धावण्यास लागलेली वेळ मोजायची आणि कमी वेळेच्या जोडीला वरचा क्रमांक द्यायचा. पश्चिम विदर्भातील पटांत ही पद्धत रुळलेली आहे आणि तेथे सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. तीत लढती कमी होतात आणि चिठ्ठीतील नशिबाचा भाग उरत नाही. पण समोरासमोरच्या झुंजीची रंगत जाते आणि सारा भरवसा घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्यावर येतो. म्हणूनच काही ठिकाणी आता सुरुवातीला आणि शेवटी स्वयंचलित यंत्रे लावून वेळ मोजली जाते.

राज्याच्या अन्य भागांनी या प्रश्नांची आपापली उत्तरे शोधली आहेत. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात ‘घाटा’तील चढाच्या धावपट्टीवर एका वेळी एकच गाडा सोडतात आणि सेकंद मोजतात. सातारा-सांगलीकडे एकाच वेळी अनेक गाड्या पळवून गट, उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी अशी चढण असते. तिकडे बैलांच्या वयानुसार मैदानेही वेगळी असतात. वय ठरते दातांवरून. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा. कोवळ्या बैलाला पूर्ण वाढलेल्या बैलापुढे उभे करायचे नाही, हा त्यामागचा साधा न्याय.

पद्धत कोणतीही असो, निकाल देतात ते पंच. एक सुरुवातीच्या रेषेवर, एक शेवटी. जोडी इशाऱ्याआधी सुटली का, धावपट्टी सोडून आत आली का, धुरकरी पडला तर धाव ग्राह्य धरायची का, अशा प्रश्नांचा निवाडा जागच्या जागी होतो. यजमान गावाची जोडी धावत असेल, तर शेवटच्या रेषेवर बाहेरगावचा जाणता माणूस उभा करणे शहाणपणाचे. निकालाबद्दल शंका राहिलेल्या गावाची वार्ता आठवडाभरात साऱ्या पंचक्रोशीत पोहोचते.

हंगाम थांबला तेव्हा

गावाचा हा निवाडा माणसांमधील तंटे मिटवण्यास पुरेसा होता. बैलाच्या बाजूने बोलणारा मात्र त्यात कुणी नव्हता. बंदीचे मूळ येथे आहे.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ व प्रदर्शन करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलवर्गीय प्राण्याचा समावेश केला. पुढे काही काळ शर्यती कधी बंद, कधी अटींसह सुरू अशी स्थिती राहिली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. बैल हा घोड्याप्रमाणे धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही. भीती आणि वेदना दिल्याखेरीज तो शर्यतीत धावत नाही, हे त्या निकालाचे एक प्रमुख सूत्र होते.

पटाच्या चाहत्यांना हा निकाल कठोर वाटला, पण त्यामागील निरीक्षणे काल्पनिक नव्हती. टोकाला आर बसवलेली तुतारी टोचणे, शेपटी पिरगाळणे, चाबूक ओढणे हे प्रकार मैदानावर उघडपणे चालत असत. बैलाला लेकराप्रमाणे वाढवणारा मालक आणि अखेरच्या शंभर पावलांत त्याच बैलाला रक्त निघेपर्यंत टोचणारा धुरकरी, ही दोन्ही चित्रे एकाच पटात दिसत. प्राणिमित्र संघटनांनी दुसरे चित्र न्यायालयापुढे मांडले. त्याला उत्तर द्यावे, असा कोणताही लेखी नियम पट समित्यांपाशी नव्हता.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटींसह परवानगी देणारी अधिसूचना काढली. तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूत मोठे जनआंदोलन होऊन तेथील कायदा बदलला. त्यापाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी नियमही तयार केले. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केल्याने मैदाने ओसच राहिली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांच्या अधीन राहून शर्यतींना वाट मोकळी करून दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. नियमांची काटेकोर अंमलबजावणी झाली पाहिजे आणि तिची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर राहील, असेही या निकालाने बजावले.

मधल्या काळात आणखी एक अडथळा आला. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाचा प्रसार रोखण्यासाठी राज्यभर जनावरांची वाहतूक, बाजार आणि प्रदर्शने थांबवावी लागली. अनेक गावांची जनावरे एका मैदानात आणणाऱ्या खेळाला रोगाचा धोका किती निकटचा असतो, हे त्या वर्षी सर्वांच्या लक्षात आले.

आता समितीला काय करावे लागते?

नव्या व्यवस्थेत पत्रक छापण्यापूर्वी समितीला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा लागतो. तो शर्यतीच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो आणि सोबत ५० हजार रुपयांची बँक हमी किंवा मुदत ठेव द्यावी लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब असता कामा नये. रस्ता किंवा महामार्ग, तसेच चिखलाची अथवा खडकाळ जागा चालत नाही. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी आवश्यक आहे. मैदानावर पिण्याचे पाणी, सावली आणि उपचाराची सोय हवी. काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका देणारे साधन, शेपटी पिरगाळणे या सर्वांना मनाई आहे. संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करावे लागते. प्राण्याला वेदना देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

लहान गावाच्या समितीला हा कागदी व्याप जड वाटतो आणि त्यात तथ्य आहे. ५० हजारांची ठेव हीच कित्येक गावांच्या बक्षिसांच्या रकमेएवढी असते. अर्ज, पोलिसांचा अहवाल, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची उपलब्धता या साखळीतील एक दुवा निसटला, तरी जाहीर केलेली तारीख हुकते. तारीख हुकली की शेजारच्या गावाशी तारखांचा संघर्ष होतो आणि सारे अलिखित वेळापत्रक विस्कटते. यातून मार्ग म्हणून काही लहान पट बंद पडतील आणि मोठे अधिक मोठे होतील, अशी शक्यता दिसते. तसे झाले, तर गावोगावचा हंगाम मोजक्या मैदानांच्या स्पर्धांपुरता उरेल.

मात्र या नियमांनी समित्यांना एक बळही दिले आहे. पूर्वी बड्या असामीच्या जोडीवर तुतारी चालताना दिसली, तरी समितीतील सामान्य सदस्याला ‘थांबा’ म्हणणे कठीण जाई. आता ‘ठेव जप्त होईल, पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही’ असे कारण त्याच्या हाती आहे. जोडी बाद ठरवण्याचा अधिकार पंचाने खरोखर वापरला, तर नियम मैदानावर उतरतो. तो वापरला नाही, तर चित्रीकरणाची फीत फाइलीत जाते आणि तुतारी बाहीत लपवून पुन्हा मैदानात येते.

दिवसा पट, रात्री नाटक

पट बंद राहिल्याची झळ केवळ बैलमालकांना बसली नाही. झाडीपट्टीची रंगभूमी ही पट-मंडईच्या आधाराने वाढलेली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचे केंद्र. दिवाळीच्या सुमारास तेथे नाटक कंपन्यांची कार्यालये उघडतात आणि गावोगावच्या मंडळांचे प्रतिनिधी येऊन प्रयोगांच्या तारखा ठरवतात. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते, तिकिटे स्वतः विकते आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तिचे नाव देशभर पोहोचले.

या दोहोंचा हिशेब एकमेकांत गुंतलेला आहे. पटासाठी बाहेरगावाहून आलेला पाहुणा रात्री मुक्कामाला राहतो, म्हणून नाटकाला प्रेक्षक मिळतो. नाटकाचे तिकीट खपते, म्हणून पटाचे बक्षीस वाढवता येते. सासरी गेलेल्या मुली पटाच्या निमित्ताने माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी मंडपातच सुरू होतात आणि धानाच्या भावापासून निवडणुकीपर्यंत सारे विषय निघतात. दिवसाचा पट गेला, की रात्रीच्या गर्दीचे एक मोठे कारण जाते. नाटके बंदीच्या काळातही झाली. पण पटाच्या गावाला येणारी ती विशिष्ट गर्दी अन्य कशाने भरून निघाली नाही.

बैलच उरला नाही तर?

कायद्याचा प्रश्न तूर्त सुटला असला, तरी हंगामापुढील मोठा प्रश्न गोठ्यात आहे. चिखलणी, मळणी आणि वाहतूक ही कामे ट्रॅक्टर आणि यंत्रांनी घेतली आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशीय नरांची संख्या आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. ज्या घरात कामाचा बैल नाही, तेथे पटाचा बैल ठेवणे हा निव्वळ हौसेचा आणि खर्चाचा भाग होतो. पटाचे समर्थक म्हणतात, की शर्यत आहे म्हणून देशी बैल टिकून आहे. विरोधक विचारतात, की टिकवण्यासाठी पळवणे हा एकच मार्ग आहे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मूठभर धनिकांच्या गोठ्यातील लाखांचे बैल म्हणजे गावचे पशुधन नव्हे, याचे भान मात्र दोन्ही बाजूंना ठेवावे लागेल. पटाची मूळ ताकद, शेतात राबणारी जोडी हिवाळ्यात मैदानावर उतरते, ही होती. ती जोडी गेली, तर पट उरेल. पण तो गावाचा राहणार नाही.

या हंगामात साकोली-लाखनीकडे पट पाहण्यास जाणाऱ्या शहरी वाचकांनी काही गोष्टींकडे आवर्जून लक्ष द्यावे. धुरकऱ्याच्या हातात काय आहे? धावून आलेल्या जोडीला पुन्हा जुंपण्यापूर्वी विसावा मिळतो का? पशुवैद्यक मैदानावर आहे की केवळ पत्रकावर? धावपट्टीच्या शेवटी जागा मोकळी आहे की तेथेही गर्दी उसळली आहे? नियम मोडणाऱ्या जोडीला पंच बाद करतात का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या गावच्या समितीने आपला हंगाम नीट चालवला असे समजावे. कोणाची जोडी पहिली आली, हे संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या गावाला कळतेच.